‘संरक्षित स्मारक’ म्हणजे नेमके काय? भारतातील वारसास्थळांच्या कायद्यामागचा इतिहास



तुम्ही देशाच्या कोणत्याही भागात शिकत असा, तुमच्या जिल्ह्यात एखादा जुना किल्ला, लेणे, मंदिर, मशीद, कबर, बारव किंवा नुसते पांढरीचे टेकाड असणारच. त्यातल्या काहींजवळ एक फलक उभा असतो. हे स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून घोषित झाले आहे, त्याची नासधूस करणारा शिक्षेस पात्र ठरेल, अशा अर्थाचा मजकूर त्यावर असतो. आपण तो वाचतो न वाचतो आणि आत जातो.

या पाठात आपण त्या फलकामागे काय आहे ते पाहणार आहोत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या देखरेखीखाली आज सुमारे ३,७०० स्मारके आणि स्थळे आहेत. राज्य सरकारांच्या याद्या वेगळ्या. ही यादी एका बैठकीत तयार झाली नाही आणि तिला आधार देणारा कायदाही एका दिवसात लिहिला गेला नाही. कायद्याची मुख्य कलमे एकेक करून तपासली, तर प्रत्येकाच्या मागे आधी झालेली एखादी हानी सापडते. आधी काहीतरी गेले, मग नियम आला. हा क्रम समजला की आजचे प्रश्नही समजायला सोपे जातात.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. त्यामुळे या इतिहासात पूल, रेल्वे, धरणे आणि ती बांधणारी माणसे वारंवार दिसतील. ती ओढूनताणून आणलेली नाहीत, मुळातच तेथे आहेत.

१. विटा, दगड आणि चुना

पडक्या इमारतीचे साहित्य नव्या बांधकामाला वापरणे ही फार जुनी आणि एका अर्थाने काटकसरीची रीत आहे. घडवलेला दगड आयता मिळत असेल तर खाणीतून नवा कोण काढेल? गावोगावच्या जुन्या घरांच्या जोत्यांत कोरीव दगड बसवलेले दिसतात ते याच हिशेबाने. एकोणिसाव्या शतकात मात्र बांधकामाचे प्रमाणच बदलले. एका घराला दोन-चार दगड लागतात. पुलाला आणि रेल्वेमार्गाला शेकडो गाड्या लागतात.

पहिले उदाहरण सारनाथचे. बनारसजवळ वरुणा नदीवर दोन पूल बांधले गेले. एका पुलाच्या खांबांना पाण्याचा मारा लागू नये म्हणून सारनाथच्या ४८ मूर्ती आणि कोरीव दगड नदीत टाकले गेले. दुसऱ्या पुलासाठी तेथील इमारतींचे पन्नास-साठ गाड्या दगड वापरले गेले. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी आपल्या अहवालात ही नोंद केली आहे.

दुसरे उदाहरण हडप्पाचे. कनिंगहॅम १८५३ मध्ये प्रथम तेथे गेले, तेव्हा मोठे अवशेष उभे होते. पुढे लाहोर-मुलतान रेल्वेचे काम सुरू झाले. रुळांखाली भराव घालायला त्या भागात दगड मिळेना. हडप्पाच्या भाजक्या विटा मात्र मिळत होत्या आणि त्या मजबूत होत्या. सुमारे १०० मैल मार्गाला पुरतील एवढ्या विटा तेथून गेल्या असे कनिंगहॅम यांनी लिहिले आहे. १८७५ मध्ये त्यांनी हडप्पाची एक मुद्रा प्रसिद्ध केली, पण ती किती प्राचीन आहे हे त्यांना उमगले नाही. दयाराम साहनी यांनी १९२१ मध्ये तेथे उत्खनन सुरू केले आणि १९२४ मध्ये जॉन मार्शल यांनी सिंधू संस्कृतीचा शोध जगापुढे ठेवला. म्हणजे या संस्कृतीला नाव मिळण्याच्या कितीतरी आधी तिच्या एका प्रमुख शहराच्या विटांवरून आगगाड्या धावू लागल्या होत्या.

तिसरे उदाहरण आंध्र प्रदेशातील अमरावतीचे. येथे चुनखडकात कोरलेल्या शिल्पपट्टांनी मढवलेला भव्य स्तूप होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस कर्नल कॉलिन मॅकेन्झी तेथे पोहोचले, तेव्हा बांधकाम साहित्यासाठी टेकाड खणले जात होते आणि शिल्पे भाजून चुनाही केला जात होता. १८४५ मध्ये वॉल्टर इलियट यांनी बरेच शिल्पपट्ट काढून मद्रासला नेले. त्यांतले अनेक पुढे लंडनला गेले. १८८० च्या सुमारास उरलेला ढिगाराही घाईने उकरला गेला. आज अमरावतीचा स्तूप पाहायचा असेल तर चेन्नईचे शासकीय संग्रहालय आणि लंडनचे ब्रिटिश म्युझियम येथे जावे लागते. जागेवर एक बुटके, गोल टेकाड तेवढे आहे.

या तीन उदाहरणांतला फरक लक्षात घ्या. सारनाथ आणि हडप्पा येथे वस्तूची किंमत कोणाला कळली नव्हती. अमरावतीत ती कळली होती, आणि म्हणूनच वस्तू जागेवरून उचलली गेली. दोन्ही वेळा स्थळाचे नुकसान झाले.

२. कुतूहलाकडून सर्वेक्षणाकडे

१७८४ मध्ये कलकत्त्यात विल्यम जोन्स यांनी एशियाटिक सोसायटी स्थापन केली. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडली आणि अशोकाचे शिलालेख वाचता येऊ लागले. जुने दगड ‘बोलू’ शकतात हे तेव्हा लोकांच्या लक्षात आले. प्रिन्सेप यांच्या वर्तुळातले कनिंगहॅम हे बंगाल इंजिनिअर्स या पलटणीतले लष्करी अभियंता होते. निवृत्तीनंतर १८६१ मध्ये त्यांची पुरातत्त्व सर्वेक्षक म्हणून नेमणूक झाली. मध्यंतरी हे काम बंद पडले आणि १८७१ मध्ये ते महासंचालक म्हणून परतले.

त्यांचे काम प्रामुख्याने नोंदीचे होते. प्राचीन चिनी यात्रेकरूंची वर्णने हातात घेऊन ते गावोगाव फिरले, अंतरे मोजली, नकाशे काढले, स्थळे ओळखली. जी गोष्ट कोठे आहे हेच माहीत नाही तिचे रक्षण करता येत नाही, म्हणून ही पहिली पायरी होती. पण सर्वेक्षक नोंद करू शकत होता. कोणाला थांबवण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता. हडप्पाच्या विटा गेल्या, हे कनिंगहॅम यांना फक्त लिहून ठेवता आले.

त्या काळात काही कायदे होते, पण ते तोकडे होते. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा जमिनीत सापडणाऱ्या धनापुरता आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे त्याने बंधनकारक केले. पाया खोदताना नाण्यांचा हंडा सापडला तर आजही हा कायदा लागू होतो, हे बांधकाम क्षेत्रात जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

३. सांची : वस्तू जागेवरच का ठेवायची?

मध्य प्रदेशातील सांचीचा इतिहास हा या पाठाचा मध्यबिंदू मानायला हरकत नाही. १८१८ मध्ये जनरल टेलर यांनी सांचीची पहिली नोंद केली, तेव्हा मोठा स्तूप बऱ्याच चांगल्या अवस्थेत होता. १८२२ मध्ये आत काही ठेवा असेल या आशेने तो एका बाजूने फोडण्यात आला. आत काही मिळाले नाही, स्तूपाला मात्र खिंडार पडले. १८५१ मध्ये कनिंगहॅम आणि मेझी यांनीही येथे खोदकाम केले. त्यांना लहान स्तूपांत अस्थिकरंडक सापडले. सारिपुत्त आणि मोग्गलान या बुद्धशिष्यांच्या अस्थी लंडनला गेल्या. त्या परत आल्या आणि १९५२ मध्ये सांचीच्या नव्या विहारात ठेवल्या गेल्या.

सांचीच्या तोरणांवरही युरोपातील संग्रहालयांचा डोळा होता. तोरण उचलून न्यावे असे प्रस्ताव आले होते. तसे झाले नाही. १८६९-७० मध्ये लेफ्टनंट हेन्री हार्डी कोल यांनी पूर्वेकडील तोरणाचा प्लास्टरचा साचा तयार केला आणि प्रतिकृती युरोपला गेल्या. मूळ तोरण जागेवर राहिले. कोल हेही लष्करी अभियंता होते. भारतातील मूळ कलावस्तू बाहेर नेण्याच्या धोरणावर त्यांनी स्पष्ट टीका केली होती. पुढे १८८१ ते १८८४ या काळात प्राचीन स्मारकांचे अभिरक्षक म्हणून त्यांनी सांचीचे खिंडार बुजवले आणि पडलेली तोरणे उभी केली. १९१२ ते १९१९ दरम्यान मार्शल यांनी तेथे पद्धतशीर जतनाचे काम केले. भोपाळच्या बेगमांनी त्यासाठी पैसा दिला. तोरणे परदेशी न जाण्यात आणि सांची सावरण्यात भोपाळ संस्थानाचा वाटा मोठा आहे.

आता अमरावती आणि सांची शेजारी ठेवून पाहा. संग्रहालयातला शिल्पपट्ट सुंदर असतो, पण तो स्तूपाच्या कोणत्या बाजूला, किती उंचीवर होता, प्रदक्षिणा घालणाऱ्याला तो कोणत्या क्रमाने दिसत असे, हे त्यावरून कळत नाही. सांचीत पूर्वेच्या तोरणातून आत शिरून तुम्ही उजवा हात स्तूपाकडे ठेवून चालू शकता. जागा हीसुद्धा पुराव्याचा भाग असते, हे तत्त्व आजच्या सर्व पुरातत्त्वशास्त्राच्या मुळाशी आहे.

४. १९०४ चा कायदा आणि सारनाथचे सिंह

लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय असताना पुरातत्त्व खात्याची फेररचना झाली. १९०२ मध्ये पंचविशीतले जॉन मार्शल महासंचालक झाले आणि १९०४ मध्ये प्राचीन स्मारक जतन कायदा मंजूर झाला. ‘संरक्षित स्मारक’ ही कायदेशीर संज्ञा येथे प्रत्यक्षात आली. सरकारला एखादे स्मारक संरक्षित म्हणून घोषित करता येऊ लागले, मालकाशी करार करता येऊ लागला, उत्खननावर आणि पुराणवस्तूंच्या व्यापारावर नियंत्रण आणता येऊ लागले. नासधूस हा गुन्हा ठरला.

त्याच हंगामात, १९०४-०५ मध्ये, सारनाथ येथे फ्रिडरिक ऑस्कर एर्टल यांनी उत्खनन केले. ते सार्वजनिक बांधकाम विभागातले अभियंता होते. त्या उत्खननात अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष सापडले. २६ जानेवारी १९५० रोजी तेच भारताची राजमुद्रा म्हणून स्वीकारले गेले. तुमच्या खिशातल्या नोटेवर आणि पासपोर्टवर ते आहे. ज्या सारनाथचे दगड गाड्या भरून पुलाच्या कामाला गेले, तेथेच हे शीर्ष मातीखाली पडून होते. ते वाचले, यात योगायोगाचा भाग मोठा आहे. योगायोगावर विसंबून राहू नये, यासाठीच कायदा लागतो.

५. दुरुस्ती किती आणि कशी?

स्मारक ताब्यात घेतले की पुढचा प्रश्न उभा राहतो : त्याचे करायचे काय? येथे दोन शब्द वेगळे ठेवा. जतन म्हणजे आहे ते टिकवणे. जीर्णोद्धार म्हणजे मोडके पुन्हा नवे करणे. आपल्या परंपरेत जीर्णोद्धार पुण्याचे काम मानले जाते आणि नांदत्या मंदिराच्या दृष्टीने ते योग्यही आहे. पण ऐतिहासिक पुरावा म्हणून पाहिले तर नवे केलेले शिल्प हे आजच्या कारागिराचे शिल्प असते, बाराव्या शतकातले नसते. मार्शल यांनी १९२३ मध्ये जतनासाठी एक मार्गदर्शक पुस्तिका काढली. तिचा मुख्य आग्रह असा की मूळ काम वाचवावे, अंदाजाने भर घालू नये. पुरातत्त्व खात्याच्या कामावर तिचा प्रभाव दीर्घकाळ राहिला.

अजिंठ्याचे उदाहरण घेऊ. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या अधिकाऱ्याने लेणी पाहिली आणि ती जगापुढे आली. पुढे हा भाग निजामाच्या राज्यात होता. १९२०-२२ मध्ये निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी घट्ट बसवला, ते काम उपयोगाचे ठरले. पण चित्रांवर लाखेचे रोगणही चढवले गेले. काळाच्या ओघात ते पिवळे-तपकिरी पडले, त्यावर धूळ बसली आणि चित्रे झाकोळली. ते थर काढण्याचे नाजूक काम पुढे सर्वेक्षणाच्या रसायनशास्त्रज्ञांना अनेक वर्षे करावे लागले. हेतू चांगला होता, तज्ज्ञ नामांकित होते, तरीही इजा झाली. म्हणून आज जतनशास्त्रात एक कसोटी लावतात : आपण केलेला उपाय उद्या मूळ वस्तूला धक्का न लावता काढून टाकता येईल का?

कोणार्कच्या सूर्यमंदिरात वेगळा पेच होता. मुख्य शिखर आधीच ढासळले होते. उरलेले जगमोहन कोसळू नये म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी त्याचे दरवाजे बंद करून ते आतून वाळू आणि दगडांनी भरले गेले. इमारत उभी राहिली, पण तिचा अंतर्भाग तेव्हापासून कोणाला पाहता आलेला नाही. या निर्णयाची तुम्ही अभियंता म्हणून बाजू घ्याल की इतिहासकार म्हणून त्यावर टीका कराल? दोन्ही बाजू मांडून पाहा.

६. स्वातंत्र्यानंतर : जबाबदारी कोणाची?

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४९ नुसार संसदेने राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून घोषित केलेली स्मारके, स्थळे आणि वस्तू यांचे रक्षण करणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे. अनुच्छेद ५१ क मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्ये सांगितली आहेत. आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे त्यांतले एक आहे. ही कर्तव्ये १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आली.

१९५८ मध्ये प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष कायदा झाला. आज तोच मुख्य कायदा आहे. त्यानुसार किमान १०० वर्षे जुनी वास्तू, लेणे, शिल्प, शिलालेख किंवा अवशेष असलेली जमीन राष्ट्रीय महत्त्वाची घोषित करता येते. राष्ट्रीय महत्त्वाची नसलेली स्मारके राज्यांच्या अखत्यारीत येतात. २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समूह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्यांपैकी शिवनेरी, लोहगड, रायगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतील जिंजी हे आठ किल्ले केंद्राच्या सर्वेक्षणाकडे आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड महाराष्ट्राच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहेत. जागतिक यादीने मान मिळतो आणि सरकारवर देखरेखीचे बंधन येते, पण पहारेकरी, गवंडी आणि निधी मात्र देशातूनच पुरवावे लागतात.

काही स्मारके नांदती आहेत. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात आजही पूजा होते. अशा ठिकाणी वास्तू सर्वेक्षणाच्या देखरेखीखाली आणि उपासना परंपरेप्रमाणे, अशी विभागणी असते. उपासनेच्या जागेचा तिच्या स्वरूपाशी विसंगत वापर होऊ नये, असे कायदा सांगतो.

७. धरण की नगर?

कृष्णेच्या खोऱ्यात नागार्जुनकोंडा येथे इक्ष्वाकू राजांची विजयपुरी ही राजधानी होती. काळ साधारण इसवी सनाचे तिसरे-चौथे शतक. तेथे स्तूप, विहार, मंदिरे, घाट आणि एक प्रेक्षागृह असलेले नगर होते. डिसेंबर १९५५ मध्ये नागार्जुनसागर धरणाची पायाभरणी झाली. हे सगळे खोरे पाण्याखाली जाणार हे ठरले होते.

सर्वेक्षणाने १९५४ ते १९६० या काळात आर. सुब्रह्मण्यम यांच्या नेतृत्वाखाली मोठ्या प्रमाणावर उत्खनन केले. शंभराहून अधिक जागा नोंदवल्या. निवडक वास्तूंची टेकडीवर आणि काठावरच्या अनुपु येथे पुनर्रचना केली. टेकडीचे आज बेट झाले आहे आणि तेथे संग्रहालय आहे. बाकी नगर जलाशयाच्या तळाशी आहे.

धरणाने लाखो एकर जमीन भिजवली. दुष्काळी मुलखात पाण्याचे मोल काय असते हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यांना सांगायला नको. त्यामुळे धरण बांधायला नको होते असे म्हणणे सोपे नाही. पण एक गोष्ट हडप्पापेक्षा निश्चित वेगळी घडली : येथे निर्णय डोळसपणे घेतला गेला, आणि बुडण्याआधी सहा वर्षे मोजमाप, छायाचित्रण आणि स्थलांतर यांसाठी दिली गेली. वारसा आणि विकास यांच्या संघर्षात निदान एवढे तरी मागता आले पाहिजे.

८. चोरी आणि नोंद

स्मारक जागेवर राहिले तरी त्यातली मूर्ती जाऊ शकते. तमिळनाडूतील शिवपुरम येथील नटराजाची कांस्यमूर्ती १९५० च्या दशकात दुरुस्तीसाठी दिली गेली. परत आली ती नक्कल. मूळ मूर्ती अमेरिकेत पोहोचली आणि दीर्घ लढ्यानंतर १९८६ मध्ये भारतात परतली. १९७२ मध्ये पुरावस्तू आणि कलामूल्यवान वस्तू कायदा झाला आणि १९७६ पासून तो अमलात आला. त्याने खासगी निर्यातीवर बंदी आणली आणि ठरावीक वस्तूंची नोंदणी सक्तीची केली.

तरी चोऱ्या थांबल्या नाहीत. श्रीपुरंतान या तमिळ गावातल्या मंदिराचा नटराज २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने विकत घेतला. २०१४ मध्ये तो भारताला परत मिळाला. मूर्ती आपलीच हे सिद्ध करायला पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेच्या संग्रहातील जुनी छायाचित्रे कामी आली. कोणीतरी कधीतरी त्या लहान गावात जाऊन फोटो काढून, तो नीट लावून ठेवला होता, म्हणून मूर्ती घरी आली.

९. शंभर मीटरचे गणित

शहरे वाढू लागली तशी हानी आतून न होता बाहेरून होऊ लागली. स्मारकाला कोणी हात लावत नाही, पण भिंतीला खेटून इमारत उभी राहते, पायाची खोदाई होते, पाण्याचा निचरा तुंबतो. म्हणून जून १९९२ मध्ये अधिसूचना निघाली. संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रित क्षेत्र ठरले. २०१० च्या दुरुस्तीने हे अंतर थेट कायद्यातच आले, राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण स्थापन झाले आणि शिक्षा वाढली. आधी नासधुशीला तीन महिने कैद किंवा पाच हजार रुपये दंड होता. आता दोन वर्षे किंवा एक लाख रुपये, अथवा दोन्ही.

हे क्षेत्रफळ किती होते ते मोजून पाहू. मुघल काळात हमरस्त्यावर कोसाकोसाला मैलाच्या दगडासारखे मनोरे बांधत, त्यांना कोस मिनार म्हणतात. अशा एका मिनाराची जागा बिंदू मानली तर १०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ ३१,४०० चौरस मीटर, म्हणजे तीन हेक्टरांहून थोडे जास्त भरते. नियंत्रित क्षेत्र धरून त्रिज्या ३०० मीटर होते आणि क्षेत्रफळ २८ हेक्टरांवर जाते. त्रिज्या तिप्पट झाली की क्षेत्रफळ नऊपट होते. आता हा मिनार एखाद्या वाढत्या औद्योगिक शहरात आहे अशी कल्पना करा. त्या २८ हेक्टरांतल्या प्रत्येक जमीनमालकाच्या दृष्टीने तो मनोरा नसलेलाच बरा.

या नियमाची झळ सामान्य माणसालाही बसते. प्रतिबंधित क्षेत्रात जुन्या घराची दुरुस्ती परवानगीने करता येते, पण नवे बांधकाम करता येत नाही. पुण्यात शनिवारवाड्याभोवती राहणाऱ्यांचा जुन्या घरांच्या पुनर्बांधणीचा प्रश्न याच कारणाने वर्षानुवर्षे चर्चेत आहे. सार्वजनिक कामांना या क्षेत्रात मुभा देणारे विधेयक २०१७ मध्ये मांडले गेले. लोकसभेने ते मंजूर केले, राज्यसभेने प्रवर समितीकडे पाठवले. एका बाजूला रस्ता आणि मेट्रोची गरज, दुसऱ्या बाजूला एकदा सूट दिली की ती कोठे थांबेल ही भीती. दोन्ही खोट्या नाहीत.

हम्पीचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. १९८६ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेले. तुंगभद्रेवर आनेगुंदीजवळ नवा पूल बांधायला घेतला. त्याने परिसराच्या स्वरूपाला बाधा येते म्हणून १९९९ मध्ये हम्पीचे नाव धोक्यातील वारसास्थळांत गेले आणि २००६ मध्ये तेथून निघाले. तो अपुरा पूल २००९ मध्ये काम चालू असताना कोसळला आणि त्यात मजूर दगावले. नदीपलीकडच्या गावांना पूल हवाच होता. पण जागेचा विचार आराखडा मंजूर होण्याआधी झाला असता, तर वाद, खर्च आणि विलंब टळला असता.

१०. यादीत आहे, जागेवर नाही

शेवटचा मुद्दा सर्वांत अस्वस्थ करणारा आहे. देशाचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, यांच्या २०१३ च्या अहवालासाठी १,६५५ संरक्षित स्मारकांची प्रत्यक्ष पाहणी झाली. त्यांपैकी ९२ जागेवर सापडली नाहीत. त्यातली काही पुढे शोधून काढली गेली. २०२२ मध्ये संसदीय समितीपुढे आलेल्या माहितीनुसार ५० स्मारके नाहीशी झालेली होती : १४ शहरवाढीत, १२ जलाशयांखाली, आणि २४ चा ठावठिकाणाच लागत नाही. त्याच वेळी असेही सांगितले गेले की ३,६९३ स्मारकांपैकी २४८ ठिकाणीच सुरक्षारक्षक नेमता आले आहेत.

मार्च २०२४ मध्ये सर्वेक्षणाने १८ स्मारके यादीतून वगळण्याची प्रक्रिया सुरू केली. त्यांत हरियाणातील मुजेसर येथील एक कोस मिनार आहे, दिल्लीतील बाराखंबा कबरस्तान आहे, झाशीतील एका इंग्रज तोफखाना सैनिकाची कबर आहे. ताजमहाल कधी हरवणार नाही, कारण रोज हजारो डोळे त्याच्यावर असतात. हरवतात ते मनोरे, कबरी, शिलालेख, टेकाडे. रस्त्यांचा, सैनिकांचा, लहान वस्त्यांचा इतिहास त्यांच्यातच असतो.

समारोप

आतापर्यंतचा क्रम एकदा उजळू. पुलाने आणि रेल्वेने विटा-दगड खाल्ले, मग सर्वेक्षण आणि १९०४ चा कायदा आला. वस्तू परदेशी गेल्या, मग निर्यातबंदी आली. चुकीच्या उपायांनी इजा झाली, मग जतनाची शिस्त बळावली. शहरे अंगावर आली, मग १०० मीटरची रेघ ओढली गेली. नियम नेहमी हानीच्या मागून आला आहे. पुढची हानी कोणत्या वाटेने येईल हे आजच्या कायद्यात लिहिलेले असेलच असे नाही. ती प्रथम दिसेल ती नकाशावर रेघ ओढणाऱ्याला, खोदाईवर उभ्या असलेल्या पर्यवेक्षकाला, ग्रामपंचायतीत परवानगीच्या कागदावर सही करणाऱ्याला. तुमच्यापैकी अनेक जण पाच-दहा वर्षांत याच जागांवर असतील. कनिंगहॅम यांच्या हाती थांबवण्याचा अधिकार नव्हता. तुमच्या हाती तो काही प्रमाणात आहे, आणि खोदाई सुरू होण्याआधीच तो वापरता येतो.

स्वाध्याय

१. तुमच्या जिल्ह्यातील केंद्र-संरक्षित आणि राज्य-संरक्षित स्मारकांची यादी मिळवा. त्यातले सर्वांत अपरिचित एक निवडून तेथे जा. ते जागेवर आहे का, फलक आहे का, हद्द ओळखता येते का, याची एक पानी नोंद करा. चारही बाजूंनी छायाचित्रे काढून त्यावर तारीख घाला.

२. १०० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद अशी चौरस संरक्षित हद्द असेल, तर तिच्याभोवतीच्या प्रतिबंधित क्षेत्राचे क्षेत्रफळ काढा. कोपऱ्यांवर चतुर्थांश वर्तुळे येतात हे विसरू नका.

३. अमरावती, सांची आणि नागार्जुनकोंडा येथे वारसा तीन वेगळ्या प्रकारे हाताळला गेला. प्रत्येक ठिकाणी काय वाचले आणि काय गमावले, याची तुलना करा.

४. प्रतिबंधित क्षेत्रात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबाच्या बाजूने एक आणि स्मारकाच्या बाजूने एक, असे दोन परिच्छेद लिहा. मग दोघांनाही मान्य होईल असा एक नियम सुचवा.